व्यायाम आढळला नाही

सलग एकोणिसाव्या दिवशी रोहिणी गांगुर्डेच्या टॅबलेटवर तिच्या नवऱ्याच्या नावापुढे लाल ठिपका उमटला आणि खाली तेच तीन शब्द आले : व्यायाम आढळला नाही.

टॅबलेट आरोग्य योजनेचा होता, म्हणून तिने तो ओट्यावर आपटला नाही. पोळी मात्र तव्यावर आपटली.

"अहो, आज कुठे गेला होतात?"

हेमराज दारात चपला काढत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, पायजम्याला गुडघ्यापर्यंत कुसळं. "कुठे म्हणजे? कालव्यावर. सहा नंबरच्या दारापर्यंत गेलो आणि आलो."

"चालत?"

"नाही, पोहत."

"मग हे काय आहे?" तिने टॅबलेट त्याच्यासमोर धरला.

त्याने पाहिलंही नाही. "तुझ्या मशीनला विचार. मी काय सांगू?"

आतल्या खोलीतून हेमराजचे वडील, नाना, खाकरले. "मी सांगतो तो कुठे असतो. कालव्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलेला असतो. शाळेत जातानाही तिथेच बसायचा. ऐदी आहे तो, आजचा नाही."

हेमराज तांब्याभर पाणी प्यायला, डब्यातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला आणि अंघोळीला गेला. रोहिणीला त्या गप्प राहण्याचाच जास्त राग आला. खोटं बोलणारा माणूस निदान भांडतो तरी.

निमगावच्या जलवाटप संघात हेमराज कालवा निरीक्षक होता. कालव्याला कुठे भगदाड पडलंय का, कोणी रातोरात पाइप टाकून पाणी ओढतंय का, दारं नीट बसतात का, हे बघत रोज सात-आठ किलोमीटर फिरायचं हे त्याचं काम. आणि रोहिणी निमगावची आरोग्यसाथी. म्हणजे गावातल्या अकराशे चाळीस माणसांच्या दंडाला श्रमपट्ट्या लावायच्या, दर पंधरा दिवसांनी बदलायच्या आणि लाल ठिपकेवाल्यांच्या घरी जाऊन त्यांना समज द्यायची. गाव तिला पट्टीताई म्हणायचं. आणि संघाने कर्मचाऱ्यांनाही पट्टी सक्तीची केली त्या दिवसापासून अशा बाईच्या घरातच लाल ठिपका.

श्रमपट्टी येण्याआधी मनगटावरची घड्याळं होती. ती पावलं मोजायची आणि लोक त्यांना फसवायचे. कोणी घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधलं, कोणी नातवाच्या पाळण्याला, आणि एका बहाद्दराने तर छताच्या पंख्याला बांधून एका दिवसात निमगाव ते नागपूर एवढी पावलं मिळवली. म्हणून मग पावलं मोजणं सोडून देण्यात आलं आणि थेट शरीराच्या आत बघणारी पट्टी आली.

प्रशिक्षणात रोहिणीला ते सगळं शिकवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडलंही होतं. माणूस भरभर चालायला लागला की त्याच्या रक्तातल्या शेकडो पदार्थांचं प्रमाण बदलतं. स्नायू आपल्याकडचा साखरेचा साठा फोडतात, त्यातून लॅक्टेट तयार होऊन रक्तात उतरतं. या लॅक्टेटला फेनिलअलानिन नावाचं अमिनो आम्ल जोडलं गेलं की आणखी एक रेणू बनतो आणि तो मेंदूला भूक आवरायला सांगतो. जोडीला सक्सिनेट वाढतं. पट्टीला केसाहून बारीक सुया असतात. त्या त्वचेखालच्या द्रवातले कितीतरी पदार्थ मोजतात, आणि हे तिन्ही ठरल्या प्रमाणात वर गेले तरच हिरवा ठिपका पडतो. पंख्याला लॅक्टेट सुटत नाही, पाळण्याला भूक लागत नाही. "पाय खोटं बोलतील, रक्त बोलत नाही," असं रोहिणी प्रत्येक ओसरीवर सांगायची. हे वाक्य तिने स्वतः तयार केलं होतं आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

आता तेच वाक्य पाणवठ्यावर, दुकानात, दूध संकलनाच्या रांगेत तिला ऐकू यायला लागलं. एकदा एक बाई हसत म्हणाली, "पट्टीताई, तुमच्याकडचं रक्त काय म्हणतंय?"

तिने पट्टी बदलून पाहिली. डाव्या दंडावरची उजव्या दंडावर लावली, मग पोटावर लावली. योजनेच्या तक्रार क्रमांकावर चार वेळा फोन केला. चारही वेळा एका गोड आवाजाने सांगितलं, "आपली पट्टी व्यवस्थित कार्यरत आहे. आपल्या आप्तांना व्यायामासाठी प्रोत्साहन द्या."

"अहो बाई, तो रोज आठ किलोमीटर चालतो!"

"आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद."

त्यात संघाचं पत्र आलं. नव्वद दिवस लाल राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फिरतीच्या कामाचा फेरविचार होणार होता. हेमराजचे एकाहत्तर झाले होते. पत्र वाचून त्याने घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"काही बोलणार आहात की नाही?" रोहिणी म्हणाली.

"मी चालतो. याच्यापुढे माझ्याकडे बोलायला काही नाही."

"मग पट्टी खोटं बोलते?"

"ते तू ठरव. तुझी आहे ती."

ती रात्रभर धुमसत राहिली असं नाही, ती झोपली. पण सकाळी उठली ती ठरवूनच. एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या काढल्या, एक त्याच्या दंडाला लावली, एक स्वतःच्या. "चला. आज मीही येते."

कालव्याच्या भरावावरून दोघं निघाली. फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन पडलं होतं, दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं. हेमराज संथ चालत होता, जवळजवळ पाय ओढत. रोहिणी पुढे जायची, थांबायची, पुन्हा पुढे जायची. पाच-सहा मिनिटांत मोरी आली आणि तो तिच्या कठड्यावर बसला.

म्हणजे नाना म्हणत होते ते खरं होतं. रोहिणीच्या डोक्यात गेले दोन महिने साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"बसलात?"

"जरा थांबावं लागतं. मग पाय मोकळे होतात. मग दिवसभर चाललो तरी काही नाही."

"पाच मिनिटं चालून कोणाचे पाय भरतात हो? मी पहाटेपासून उभी आहे."

"माझे भरतात. पहिल्यापासून."

"आज बसायचं नाही. उठा. त्या दारापर्यंत पळत जायचं, थांबायचं नाही. एकदा तरी हिरवा पाडून दाखवा मला. गाव हसतंय माझ्यावर."

"रोहिणी, मला ते जमत नाही."

"जमत नाही की करायचं नाही? नाना म्हणतात तेच खरं आहे."

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलतानाच कळलं. हेमराज उठला. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पळत सुटला. त्रेचाळीस वर्षांचा, अंगाने भरलेला माणूस, पण पहिली दीडशे पावलं तो खरंच छान पळाला. मग त्याची पावलं वाकडी पडायला लागली. तरीही तो थांबला नाही. दार चाळीस फुटांवर असताना गुडघ्यांत वाकला आणि आडवा झाला.

ती धापा टाकत पोहोचली. त्याच्या मांड्यांना हात लावला तर त्या लाकडासारख्या घट्ट लागल्या. हातांची बोटं आत वळली होती, ती सरळ होत नव्हती. कपाळावरून घाम ओघळत होता. तिने टॅबलेट काढला. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. त्याच्या नावापुढे लाल. व्यायाम आढळला नाही.

ती त्या पडद्याकडे आणि जमिनीवर कण्हणाऱ्या माणसाकडे आळीपाळीने बघत राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने पट्टीला शिवी दिली, तीही मोठ्याने.

कांद्याच्या एका टेम्पोतून त्याला घरी आणलं. दुपारी त्याने न्हाणीघरातून हाक मारली. "अगं, इकडे ये जरा." आवाजात भीती होती. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा, जवळजवळ काळा होता.

नाशिकच्या रुग्णालयात डॉक्टर फरहीन शेख यांनी रक्ताचा अहवाल दोनदा तपासायला लावला. स्नायूंना इजा झाली की त्यांच्यातलं एक एन्झाइम रक्तात सांडतं. त्याचा आकडा दोनशेच्या आत असायला हवा. हेमराजचा बासष्ट हजार होता. फुटलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात अडकू नये म्हणून चार दिवस त्याच्या शिरेतून सलाइन सोडत राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी वाढला, तेव्हा डॉक्टरांनी रोहिणीला बाहेर बोलावून डायलिसिसची शक्यता सांगितली. ती मान हलवत राहिली. ऐकू काहीच येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला.

मग डॉक्टर फरहीन खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या आणि साधे प्रश्न विचारायला लागल्या. लहानपणी धावताना काय व्हायचं? जड वस्तू उचलली की बोटं आखडतात का? थोडं थांबून पुन्हा चालायला लागलं की बरं वाटतं का? निघण्याआधी काही गोड खाता का?

"गूळ," हेमराज म्हणाला. "खिशात असतोच. लोक खादाड म्हणतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं खायला?"

"नाही. खाल्ला की जरा बरं चालता येतं, हे आपलं आपल्यालाच कळलं."

अंगात ताकद आल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच्या हातात रबरी चेंडू दिला, बेताने दाबायला लावला आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त काढलं. कोणाच्याही रक्तात या वेळी लॅक्टेट चढतं. हेमराजचं जागचं हललं नाही. पुढे जनुकांच्या तपासणीतही तेच निघालं.

"तुमच्या स्नायूंत साखरेचा साठा भरपूर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण तो फोडणारं एन्झाइम जन्मापासूनच नाही. साखर फुटत नाही, म्हणून लॅक्टेट होत नाही. लॅक्टेट नाही, म्हणून त्याच्यापासून होणारा पुढचा रेणूही नाही."

हेमराजने थोडा विचार केला. "म्हणजे धरण भरलेलं आहे, पण दार उचलत नाही."

"अगदी तसंच. सुरुवातीला स्नायू उपाशी राहतात. आठ-दहा मिनिटं हळू गेलात, थांबलात, की रक्तातली साखर आणि चरबी त्यांच्यापर्यंत पोहोचायला लागते. मग चालता येतं. तुम्ही मोरीवर बसत होतात तो तुमचा उपचार होता. तोही तुमचा तुम्हीच शोधलेला."

"आणि पट्टी?" रोहिणीने विचारलं.

"पट्टीची मूळ नोंद मी मागवून घेतली. त्या दिवशी यांचा अमोनिया प्रचंड वाढला होता, आणि पट्टीने तो नोंदवलाही होता. पण ठिपका ठरतो तीन पदार्थांवर आणि अमोनिया त्या तिघांत नाही. तो कोणी बघतच नाही."

डॉक्टर गेल्यावर हेमराज खिडकीकडे कुशीवर वळला. मग म्हणाला, "सातवीत असताना सरांनी मला मैदानाच्या अकरा फेऱ्या मारायची शिक्षा दिली होती. चौथ्या फेरीला पडलो. पोरं टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर नानांनी वर आणखी मारलं."

रोहिणीने त्याच्या पायावर हात ठेवला.

"तूही तेच केलंस," तो म्हणाला. त्याने पाय मागे घेतला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

तिने माफी मागितली. तो "हं" म्हणाला. एवढ्यावर ते भागणारं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर नानांना समजावणं हे वेगळंच प्रकरण झालं. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आल्याशिवाय होत नाही, असं रोहिणीने सांगताच म्हातारा उसळला. "माझ्या रक्तात खोट? शंभर किलोचं पोतं पाठीवर टाकून जिना चढलोय मी!"

"नाना, तुमच्यात या दोषाचा एकच भाग आहे, त्याचा तुम्हाला त्रास होत नाही. आईंच्यात एक होता. यांच्याकडे दोन्ही आले."

"तिला मधे आणू नकोस. ती गेलीय."

"मी कुणाला मधे आणत नाही. मी फक्त सांगतेय की ते ऐदी नव्हते."

"डॉक्टर काय, पैसे दिले की काहीही लिहून देतात," म्हणत नाना तिच्याकडे पाठ करून बसले. दोन दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, पण त्या विषयावर पुन्हा कधीच बोलले नाहीत. ऐदी हा शब्दही पुन्हा वापरला नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते रोहिणीला कधी ठरवता आलं नाही.

नव्वदावा दिवस उलटून गेला होता. जलवाटप संघाचे प्रशासन अधिकारी टिळेकर यांनी दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, खरोखर हळहळले. मग संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा, इथे दोनच रकाने आहेत. एक, व्यायाम केला. तो पट्टी स्वतः भरते, मला हात लावता येत नाही. दुसरा, शारीरिक श्रमास असमर्थ. गांगुर्डे, तुम्ही या अर्जावर सही करा, ताई तो चढवतील, आणि लाल ठिपका कायमचा जाईल. तुम्हाला कार्यालयात बसून काम देतो. आवक-जावक टेबल रिकामं आहे. पंख्याखाली बसा आरामात."

हेमराजने अर्ज वाचला. खाली ठेवला. "मी असमर्थ नाही."

"अहो, ते नुसतं लिहिण्यापुरतं आहे."

"साहेब, मी बावीस वर्षं कालवा चालतोय. प्रत्येक दार मला माहीत आहे. मी चालत नाही असं तुमचं मशीन म्हणत होतं, तेव्हाही मी चालत होतो. आता मी चालू शकत नाही असं मीच लिहून देऊ?"

टिळेकरांनी हताश होऊन रोहिणीकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी समजवा."

रोहिणी थकली होती. सही झाली असती तर त्या क्षणी सगळं संपलं असतं. पत्रं, फोन, रांगेतलं हसणं, सगळं. तिला मनापासून वाटत होतं की या माणसाने एकदा तरी सोपा रस्ता धरावा. ती तसं म्हणणारही होती. पण तिच्या मांडीवर डॉक्टर फरहीनचा कागद होता आणि त्यातली एक ओळ तिच्या नजरेसमोर होती.

"साहेब, हे वाचते. 'रुग्णाने रोज बेताचा व्यायाम करणे आवश्यक. चालणे बंद केल्यास स्नायू अधिक कमकुवत होतील.' डॉक्टर सांगतात रोज चाला. तुमचा अर्ज सांगतो चालता येत नाही. मी नेमका कोणता कागद चढवू?"

"अहो ताई, सिस्टिममध्ये जे आहे तेच चढवणार ना. मी काय रकाना रंगवून देऊ?"

"मग मी काहीच चढवत नाही."

"ते तुमचं काम आहे."

"हो. म्हणूनच चढवत नाही."

टिळेकरांनी अर्ज परत फायलीत ठेवला. मग त्यांनी हेमराजला एक महिन्याची मुदत दिली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

त्या महिन्यात रोहिणीने योजनेला सात पत्रं पाठवली. सातही पत्रांना दोन तासांच्या आत उत्तर आलं : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आठव्या पत्राला तिने डॉक्टरांचा अहवाल, पट्टीची मूळ नोंद आणि नवऱ्याच्या काळ्या लघवीच्या बाटलीचा फोटो जोडला. फोटोचा परिणाम झाला असावा. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका अभियंता मुलीचा फोन आला.

"मॅडम, हा आजार फारच दुर्मीळ आहे. लाखात एखादा. एका माणसासाठी वेगळा रकाना करणं सिस्टिमच्या दृष्टीने व्यवहार्य नसतं."

"तुमच्या पट्ट्या किती लोकांना लावल्यात?"

"चार कोटी."

"मग करा की भागाकार."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "चारशे," मुलगी हळूच म्हणाली.

"त्या चारशे घरांत रोज कोणीतरी कोणालातरी खोटारडा म्हणतंय. मी म्हटलं. पळायला लावलं. माझा माणूस मरता मरता वाचला. अजून काय व्यवहार्य करून देऊ तुम्हाला?"

मुदत संपायला चार दिवस असताना टॅबलेटवर तिसरा रकाना आला. त्याचं नाव होतं 'इतर'. आजाराचं नाव नाही, काही नाही, नुसतं 'इतर'. रोहिणीने कपाळावर हात मारला, पण डॉक्टरांचा कागद त्यात चढवला. लाल ठिपक्याच्या जागी राखाडी आला. हेमराज कालव्यावर परतला. दोघांमधलं बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं. अगदी पूर्वीसारखं नाही. ती "चला लवकर" म्हणाली की तो अजूनही एक क्षण तिच्याकडे बघायचा, आणि तिचे शब्द अर्धवट राहायचे.

एका सोमवारी तिने टॅबलेटवर गावाची यादी काढली. दोन महिन्यांहून जास्त लाल असलेली नऊ माणसं होती. या नऊही जणांना तिने ओसरीवर उभं राहून समज दिली होती, काहींना दोनदा. यादीत पहिलं नाव अलका आहेरांचं होतं.

अलकाकाकू अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. रोहिणीला बघून त्यांनी न बोलता दंड पुढे केला.

"पट्टी बदलायला नाही आले काकू. विचारायला आले. तुम्ही चालायला लागलात की तुम्हाला नेमकं काय होतं?"

अलकाकाकूंनी तिला खालून वर न्याहाळलं. "मशीन बंद पडलं का तुझं?"

"नाही, चालू आहे."

"मग मला कशाला विचारतेस? तीन वर्षं झाली ही पट्टी डकवून. येतेस, ठिपका बघतेस, भाषण देतेस, जातेस. आज उजाडलं होय तुला?"

"हो. आज उजाडलं."

अलकाकाकूंनी हातातला सडका कांदा बाजूला फेकला आणि पदराला हात पुसले. "वेळ आहे का पण तुला? मला गुडघ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते मधूच्या वेळच्या बाळंतपणापर्यंत मागे जातं."

रोहिणीने टॅबलेट पिशवीत टाकला आणि कांद्यांच्या ढिगाशेजारी मांडी घातली.